स्टिरॉइडचं खापर रेटिनॉइडच्या माथी

कुटुंबाच्या आणि कॉलेजच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. पिंपल्ससाठी स्किनचे डॉक्टर जे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुटुंबातलं औषध) क्रीम लिहून देतात, ते चुकूनही लावू नका, असा त्याचा सूर. कारणं अशी: त्वचा सोलून कायमची पातळ होते, पिंपल्स उलट वाढतात, एकदा सवय लागली की सोडता येत नाही, आपल्या उन्हात चेहरा काळा पडतो, मुलींना पुढे मूल होण्यात अडचण येते. शेवटी उपाय म्हणून हळद, बेसन आणि लिंबाचा लेप. खाली एका तरुणीचा लालबुंद, भाजल्यासारखा चेहरा.

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे असतो. असे चेहरे दुकानात येतात, त्यामुळे तो फोटो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो चेहरा ज्या क्रीमने होतो, ते क्रीम बहुतेक वेळा वेगळंच असतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘त्वचा कायमची पातळ होते.’

मेसेजमधला हा सगळ्यात भीतीदायक मुद्दा, आणि घोळही इथेच आहे. त्वचा पातळ करण्यासाठी बदनाम असलेलं औषध म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यातली नेहमीची नावं. आपल्याकडे ‘गोरं करणारं क्रीम द्या’ म्हणून वर्षानुवर्षं जी ट्यूब विकली गेली, तिच्या मागे बारीक अक्षरात तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं), ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड. म्हणजे बिघडलेल्या चेहऱ्याच्या ट्यूबवर रेटिनॉइडचं नाव खरोखर असतं, फक्त गुन्हेगार शेजारी उभा असतो.

गंमत अशी की दोन्ही गोष्टींमागे एकच माणूस आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ साली ट्रेटिनॉइन पिंपल्सवर चालतं हे सहकाऱ्यांसोबत मांडलं. १९७५ साली त्यांनीच हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र करून डागांसाठी मिश्रण सुचवलं. आजच्या ‘ट्रिपल’ ट्यूबा त्याच कुळातल्या. त्या वांगासाठी आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरत्या. पिंपल्ससाठी नाहीत, आणि रोजच्या फेअरनेस क्रीमसारख्या तर मुळीच नाहीत.

पण होतं काय? मैत्रिणीने सांगितलं म्हणून कुणी ट्यूब आणते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, लाली उतरते, पिंपल्स बसतात, कारण स्टिरॉइड सूज दाबून टाकतं. मग आणखी एक ट्यूब, मग आणखी एक. काही महिन्यांनी गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, एकाच मापाचे दाणे चेहराभर उठतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. म्हणून पुन्हा तीच ट्यूब. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच देऊन टाकलंय. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड्स शेड्युल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. कागदावर. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी ते पाळलं असतं, तर हा लेख निम्मा झाला असता.

आता नुसत्या रेटिनॉइडचं पाहू. सुरुवातीला सालपटं निघतात, हे खरं. ती निघतात सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थराची. त्याखालची जिवंत त्वचा पातळ होत नाही, उलट जाड होते. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा एक अभ्यास आला होता. दहा ते बारा महिने ट्रेटिनॉइन लावलेल्यांच्या त्वचेत नवं कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, आणि औषध नसलेलं क्रीम लावलेल्यांत ते १४ टक्क्यांनी घटलं. अभ्यास पिंपल्सचा नव्हता, हे खरं, पण ‘पातळ होते’ या दाव्याला उत्तर द्यायला तेवढा पुरतो.

तेव्हा ट्यूब उलटी करा आणि मागची नावं वाचा. पिंपल्ससाठीच्या साध्या रेटिनॉइड ट्यूबवर ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलिन असं एकच नाव असतं, कधी सोबत क्लिंडामायसिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड. वर लिहिलेल्या स्टिरॉइडपैकी एखादं त्यात दिसलं, तर ते पिंपल्सचं क्रीम नाही, मग खोक्यावर कितीही गोरापान चेहरा छापलेला असो.

‘पिंपल्स वाढतात, म्हणजे क्रीम सूट होत नाही.’

काहींचे पहिले दोन ते चार आठवडे खरंच वाईट जातात. सगळ्यांचे नाही. कारण समजलं की धीर धरता येतो. पिंपल वर दिसतो त्याच्या कितीतरी आधी त्वचेखाली एक बारीक बूच तयार झालेलं असतं. केसाच्या मुळापाशी पेशी चिकटून राहतात, तेल अडकतं, नळी बंद होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. रेटिनॉइड काम करतं ते याच पायरीवर. पेशी एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे नवं बूच बसत नाही आणि जुनी लवकर वर येतात. जे महिनाभरात एकेक करून आले असते, ते काही दिवसांत एकदम दिसतात.

म्हणूनच रेटिनॉइडचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी लावायचा असतो. दुकानात लोक दहाव्या दिवशी अर्धी ट्यूब परत घेऊन येतात आणि ‘दुसरं काहीतरी द्या’ म्हणतात. त्या ‘दुसऱ्या काहीतरी’मध्ये बहुतेकदा नुसतं क्लिंडामायसिन जेल मागितलं जातं. ते अँटिबायोटिक आहे. एकटंच महिनोन्‌महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. रेटिनॉइड जंतूंना मारायला जातच नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

मात्र सूज, पाणी सुटणं, डोळ्यांभोवती फुगणं, असह्य खाज ही लक्षणं ‘सुरुवातीचं वाढणं’ नव्हेत. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आणि एक कबूल करायला हवं. बऱ्याच जणांचा चेहरा रेटिनॉइडने खरंच सोलवटतो, पण तो लावण्याच्या पद्धतीमुळे. चिठ्ठीवर ‘रात्री लावणे’ एवढंच असतं आणि ओपीडीत समजावून सांगायला वेळ नसतो. मग लोक मलमासारखं थापतात, किंवा आलेल्या पिंपलवर टिपका ठेवतात. दोन्ही चूक. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढं पुरतं. बोटाच्या टोकावर घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर थोडं थोडं ठेवायचं आणि पातळ पसरायचं. पिंपल जिथे येतात त्या सगळ्या भागावर लावायचं, कारण बूच कुठे बसतंय ते दिसत नाही. नाकाच्या पाळ्यांचे खोबणीतले कोपरे, ओठांच्या कडा आणि पापण्या सोडायच्या, सालपटं आधी तिथेच निघतात. तोंड धुतल्यावर लगेच ओल्या चेहऱ्यावर नाही, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. सुरुवात एक दिवसाआड, कोरडी त्वचा असेल तर आठवड्यातून दोनदाच. आधी किंवा नंतर साधं मॉइश्चरायझर लावलं म्हणून औषधाचं काम बिघडत नाही. आणि पार्लरमध्ये अप्पर लिपला वॅक्स करायचं असेल, तर आधी काही दिवस तिथे लावणं थांबवायचं, नाहीतर मेणासोबत कातडीही येते. हे एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर अर्धे भाजलेले ओठ वाचले असते.

‘एकदा लागलं की सुटत नाही.’

हे लक्षण पुन्हा स्टिरॉइडचं. रेटिनॉइड बंद केल्यावर चेहरा पेटत नाही. पिंपल्स काही महिन्यांनी परत येऊ शकतात, कारण ते मुळात वर्षानुवर्षं चालणारं दुखणं आहे आणि बुचं पुन्हा बसू लागतात. चष्मा काढला की अंधुक दिसतं, म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. पिंपल्स बसल्यावरही काही काळ डॉक्टर रेटिनॉइड चालू ठेवायला सांगतात, ते याचसाठी.

‘हे गोऱ्या लोकांचं औषध, आपल्या उन्हात काळं पडतं.’

यात अर्धं सत्य आहे. आपल्या सावळ्या त्वचेला जखम, खाज, भाजणं, काहीही झालं की मागे काळा डाग राहतो. जास्त क्रीम थापून चेहरा सोलवटला आणि त्यावर मे महिन्याचं ऊन बसलं, तर डाग पडणारच. पण योग्य प्रमाणात लावलेलं रेटिनॉइड तेच डाग कमी करायला मदत करतं. त्याच १९९३ साली, त्याच मासिकात, कृष्णवर्णीय रुग्णांवरचा अभ्यास आहे: पिंपल्स वगैरेंनंतर राहिलेले काळे डाग ४० आठवडे ट्रेटिनॉइन लावून फिकट झाले. गोऱ्यांच्या औषधाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

रात्रीच लावायचं यामागे आणखी एक साधं कारण आहे. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं. ॲडापलिन उजेडात टिकतं, बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबतही टिकतं, म्हणून ती दोन एका ट्यूबमध्ये मिळतात. त्वचेला त्रासही ते तुलनेने कमी देतं. अमेरिकेत २०१६ पासून ॲडापलिन ०.१ टक्का जेल १२ वर्षांवरच्यांना चिठ्ठीशिवाय मिळतं. जे औषध तिथे शाम्पूशेजारच्या फळीवर ठेवतात, ते त्वचा जाळून टाकणारं असेल ही शक्यता तशी कमीच. दिवसा सनस्क्रीन मात्र हवंच. स्कूटरवरून जाताना नुसती ओढणी गुंडाळून भागत नाही, आणि उन्हाळ्यात औषध बंद करायचंही कारण नाही.

‘त्याऐवजी हळद-बेसन-लिंबू लावा.’

बेसनाने तोंड धुवायला माझी हरकत नाही. लिंबाचा रस मात्र जळजळीत आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचेवर फोड येऊन काळे पट्टे उमटतात. मेसेजमध्ये रेटिनॉइडवर जो आरोप आहे, तो नेमका त्याच्या स्वतःच्या लेपाला लागू पडतो. नळीतलं बूच यातल्या कशानेही निघत नाही.

‘मुलींना पुढे मूल होण्यात अडचण येते.’

दोन वेगळ्या गोष्टींची इथे खिचडी झाली आहे. आयसोट्रेटिनॉइन नावाची पोटात घ्यायची गोळी याच कुटुंबातली. जास्त चिवट, गाठी होणाऱ्या पिंपल्ससाठी ती देतात. गरोदरपणात ती घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि याबाबत कसलीही सूट नाही: गोळी सुरू करण्याआधी महिनाभर, चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. क्रीममधलं औषध रक्तात फारच थोडं जातं. तरीही गरोदरपणात आणि दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असताना क्रीमही लावायचं नाही, असंच सांगितलं जातं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ साली तसं स्पष्ट केलं. टॅझारोटीन या रेटिनॉइडच्या बाबतीत तर मनाई आणखी कडक आहे.

पण कॉलेजात असताना दोन वर्षं ॲडापलिन लावलं म्हणून तिशीत मूल होणार नाही, याला काडीचा आधार नाही. क्रीम लावत असतानाच दिवस राहिल्याचं कळलं, तर ते त्याच दिवशी बंद करायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं, घाबरून कुठला टोकाचा निर्णय घ्यायचा नाही. त्या काळात पिंपल्ससाठी ॲझेलेइक ॲसिड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पर्याय आहेत, डॉक्टर तेच लिहून देतात. आणि लग्न ठरलेली किंवा नुकतंच लग्न झालेली मुलगी पिंपल्सचं औषध मागायला आली, तर हा प्रश्न आधी विचारणं हे आम्हा काउंटरमागच्यांचं काम आहे. तो विचारायला आम्ही लाजतो, आणि ती सांगायला लाजते.