उन्हाळ्यात लेकरांना सुती नको म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"उन्हाळ्यात लहान मुलांना सुती कपडे घालणं आजच बंद करा" असा एक लांबलचक मेसेज सध्या परभणी, सेलू, जिंतूरकडच्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. सुती कापड घाम धरून ठेवतं, त्यानं बाळाच्या छातीत सर्दी भरते, म्हणून लवकर वाळणारं पॉलिस्टर घ्या. रंग पांढराच हवा. नवं कापड शिवण्याआधी धुऊ नका, त्यातली खळ उन्हाची झळ अडवते. कपडा अंगासरसा शिवा, म्हणजे गरम वारं आत शिरत नाही. आणि हाताला थंड लागेल ते कापड चांगलं.

माझ्या धाकट्या जावेनं हे वाचून सात महिन्यांच्या लेकरासाठी आणलेली मलमल दुकानात परत केली आणि झबल्यांसाठी चकचकीत पॉलिस्टर सॅटिन घेऊन आली. वर मलाच सांगते, "ताई, आता सुती कोणी घालत नाही हो लेकरांना." मी लहान मुलांचे कपडे शिवते. उन्हाळा लागला की माझ्या मशीनवर दुसरं काही नसतंच. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सुती कापड घाम धरतं, एवढं खरं आहे. कापसाचा धागा नुसत्या हवेतूनसुद्धा आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं यातून नेमका उलटा अर्थ काढलाय. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, घामाचं कामच ते आहे. सुती कापड तो टिपून घेतं, पसरवतं, आणि कोरड्या हवेत तो झपाट्यानं उडून जातो. मे महिन्यात परभणीत पारा ४३-४४ ला टेकतो, पण हवा कशी असते? दोरीवर टाकलेलं धुणं बघता बघता वाळून खडखडीत होतं. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं पाणी गार करतं, तेच इथं लेकराच्या अंगावर होतं. कोकणात, मुंबईत हवा दमट, कापड ओलंच राहतं, तिथल्या आईनं ही तक्रार केली तर मी ऐकून घेईन. मराठवाड्यात ती लागू नाही.

लवकर वाळणारं पॉलिस्टर असतं, तेही मान्य करते. खेळाडूंच्या बनियनसाठी ते खास जाळीदार विणलेलं असतं, पळणाऱ्या मोठ्या माणसासाठी. आपल्या बाजारात मीटरवर मिळतं ते सॅटिन, क्रेप, जॉर्जेट. ते घाम पीत नाही, आणि सॅटिनची दाट वीण तर वारंही फारसं आत येऊ देत नाही. घाम मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत साचतो, घामाची छिद्रं बुजतात आणि घामोळ्या उठतात. मग पावडर थापायची, ती घामात मिसळून तिचा लगदा होतो, आणि लेकरू रात्रभर किरकिर करतं. सात महिन्यांच्या जिवाला "मला टोचतंय" म्हणून सांगता येत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. राहिली छातीतली सर्दी. न्यूमोनिया जंतूंनी होतो, सुती झबल्यानं होत नाही. घामानं चिंब झालेलं बाळ कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, हे बरोबर. त्यासाठी झबलं बदलायचं. दिवसातून चारदा बदलावं लागतं, म्हणून तर झबली एकदम डझनभर शिवून ठेवतात.

आता खळीचं. या मुद्द्याला मी डोक्याला हात लावला. खळ म्हणजे कापड दुकानात ताठ आणि भारी दिसावं म्हणून चढवलेली पेज. ती धाग्यांमधल्या फटी बुजवते, म्हणजे वारं अडवते. बाळाच्या नाजूक कातडीला ती कागदासारखी घासते. सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर रेझिन, म्हणजे रसायनाचा राळेसारखा थर, चढवतात, त्यातून फॉर्मॅल्डिहाइड नावाचं, कातडीला खाज-पुरळ आणणारं रसायन सुटतं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसावंच, असा नियम जपाननं १९७३ च्या कायद्याखाली केला, आणि आपण धुऊ नका म्हणून मेसेज फिरवतोय! शिवाय सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज, विरळ विणीचं त्याहून जास्त. न धुता शिवलेल्या झबल्याचा गळा पहिल्याच धुण्यात डोक्यातून जाईनासा होतो. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, खळबळून धुवा, सावलीत वाळवा, थोडं ओलसर असताना इस्त्री फिरवा, मगच बेता. आपल्या आज्या जुन्या धोतराची, पातळाची झबली शिवायच्या. शंभरदा धुतलेल्या त्या कापडात खळीचा कणही उरलेला नसायचा.

घट्ट कपडा आणि पांढरा रंग, या दोन्हींना एकच उत्तर पुरतं. १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला. वाळवंटातले बेदुईन लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न होता. तसाच काळा झगा आणि पांढरा झगा घालून माणूस उन्हात उभा केला, तर अंगापर्यंत पोचलेली उष्णता सारखीच निघाली. काळ्या कापडानं जास्त ऊन ओढलं, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून गेली. प्रयोग मोठ्या माणसावरचा आहे, बाळावरचा नाही. तरी कापड आणि अंग यांच्यामध्ये वारं खेळलं पाहिजे, हे त्यातून स्पष्ट दिसतं. म्हणून काखेत आणि छातीत ढिलाई सोडा, गळ्याला आणि मांडीला घट्ट इलॅस्टिक नको, बंद लावायचे तर पाठीवर आखूड लावा, गळ्याभोवती लांब दोरी लोंबू देऊ नका. शिलाई बाहेरच्या बाजूला घ्या, इंटरलॉकचा नायलॉन दोरा आतून टोचतो. रंग कोणताही घ्या, फक्त तो पाण्यात जात नाही ना, ते बघा.

पातळ पांढऱ्या मलमलीतून ऊन बरंच आत जातं, ही गोष्ट मात्र मेसेजमध्ये कुठंच नाही. घरातल्या बाळाला मलमल, रुबिया उत्तम. अंगणात पळणाऱ्या तीन-चार वर्षांच्या पोराला दाट विणीच्या पॉपलिनचा किंवा कॅम्ब्रिकचा सैल, लांब बाह्यांचा सदरा शिवा, आणि बारा ते चार त्याला घरातच ठेवा.

हाताला थंड लागणं ही काही परीक्षा नाही. सॅटिनही थंड लागतं, रेयॉनही लागतं. थानाच्या काठावर मिश्रणाचं प्रमाण छापलेलं असेल तर ते वाचा. नसेल तर उभे-आडवे दोन-चार धागे उपसून घ्या आणि मोरीत, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि त्याचा कडक काळा मणी बनतो. राखेत असे मणी दिसले तर कापड मिश्र आहे, दुकानदारानं कितीही "प्युअर कॉटन" म्हटलं तरी.