गोलकीपर व्हायचंय? आधी आजोळ तपासा

लहानपणी ज्याला कोणी टीममध्ये घेत नाही त्याला शेवटी "जा, गोलमध्ये उभा राहा" म्हणतात, आणि त्यातली एक-दोन पोरं खरंच तिथेच उभी राहतात, मोठी होतात आणि त्याचे पैसे घ्यायला लागतात. तुम्ही त्यातले असाल तर अभिनंदन, पण एक सांगतो, नुसता गोलकीपर होऊन काही मजा नाही. एका देशाचा गोलकीपर एकाच देशाच्या शिव्या खातो, ह्यात कसलं करिअर? दोन देश पाहिजेत. एक बापाचा, एक आईचा. म्हणजे बॉल अडवला की दोन्हीकडून "आमचाच पोरगा हो" आणि बॉल पायाखालून गेला की दोन्हीकडून "तो मूळचा त्यांचा ना".

आता हे कसं जमवायचं त्यासाठी समोर एक नमुना ठेवू. नील एथरिज. वडील इंग्लिश, आई फिलिपिनो, जन्म १९९० चा, लंडनच्या एन्फिल्डमध्ये. तुम्हाला जन्माच्या आधी एवढं प्लॅनिंग जमलं नसेल तर तुमचा दोष, पण निदान त्याने आजोळ कसं निवडलं ते बघून घ्या. सात हजारांवर बेटं असलेला देश, आणि प्रत्येक गल्लीत बास्केटबॉलचा रिंग. फुटबॉल म्हणजे तिथे आपल्याकडच्या आट्यापाट्यांसारखं, आहे म्हणतात पण बघायला कोणी जात नाही. असं आजोळ मिळालं की अर्धं काम झालं, कारण अपेक्षा शून्य असते. ब्राझीलच्या आईपोटी जन्म घेऊन काय करणार, तिथे रांग केवढी आहे!

पुढची पायरी म्हणजे आधी बापाच्या देशाकडून थोडं खेळून ठेवायचं. एथरिज लंडनच्या चेल्सी क्लबच्या अकॅडमीत होता, इंग्लंडच्या १६ वर्षांखालच्या टीममधूनही खेळला. हे करायचंच, कारण पुढे आयुष्यभर लोकांना बोलायला विषय मिळतो की हा तिकडे चालला नाही म्हणून इकडे आला. नियमाचं म्हणाल तर ज्युनियरला एका देशाकडून खेळलात तरी पुढे देश बदलता येतो, त्या देशाचा पासपोर्ट मिळाला आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा तिथले असले म्हणजे बहुतेक जमतं. लोकांना नियम माहीत नसतो, माहीत करून घ्यायचाही नसतो, त्यामुळे टोमण्याची सोय कायमची झाली असं समजा.

आणि आजोळाने तुम्हाला शोधायचं कसं? मामा येईल न्यायला असं वाटत असेल तर विसरा. फिलिपिन्सचं जे सांगतात ते ऐका. चेल्सीतच जेम्स आणि फिल यंगहसबंड असे दोन भाऊ होते, त्यांचीही आई फिलिपिनो, आणि ही पोरं आपल्याकडून खेळू शकतात हे तिथल्या फुटबॉल फेडरेशनला कळलं म्हणे कम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजर खेळत बसलेल्या कुणा माणसाकडून. मग ह्या भावांनी सांगितलं की अजून एक आहे आमच्यात, गोलमध्ये उभा राहतो. तेव्हा तुमचं पोरगं दिवसभर गेम खेळतं म्हणून ओरडू नका, राष्ट्रीय निवड समिती आहे ती.

मे २००८ मध्ये ब्रुनेईविरुद्ध एथरिजने फिलिपिन्सचा शर्ट घातला, वय १८. टीमचं टोपणनाव काय, तर आझकाल्स. म्हणजे रस्त्यावरची कुत्री. मला हे नाव फार आवडतं खरं तर, एवढ्या प्रामाणिक नावाची नॅशनल टीम दुसरी कुठे असेल असं वाटत नाही, आपल्याकडे तर गल्लीतल्या टेनिस-बॉल टीमचंही नाव टायगर किंवा वॉरियर्स असतं. (२०२४ मध्ये त्यांनी ते नाव सोडलं. कुत्र्यांची बदनामी होत होती की टीमची, कोण जाणे.)

ह्या भटक्या कुत्र्यांनी दक्षिणपूर्व आशियाच्या स्पर्धेत ५ डिसेंबर २०१० ला हनोईत जाऊन व्हिएतनामला २-० ने हरवलं. व्हिएतनाम तेव्हा ह्याच स्पर्धेचा चॅम्पियन, मैदान त्यांचं, पब्लिक त्यांचं, बॉलही बहुतेक वेळ त्यांच्याकडेच, आणि एथरिज मागे उभा राहून जे येईल ते थोपवतोय. एक गोल ख्रिस ग्रेटविचचा, दुसरा फिल यंगहसबंडचा. दोघंही इंग्लंडमध्ये वाढलेले आणि आजोळाकडून खेळणारे. त्या मॅचला आजही हनोईचा चमत्कार म्हणतात, आणि बास्केटबॉलवेड्या देशाला एका रात्रीत आठवलं की अरे, आपल्याकडे फुटबॉलपण आहे.

मग सेमीफायनल इंडोनेशियाशी. दोन मॅच, एक त्यांच्या घरी, एक आपल्या घरी, अशी रीत असते. पण फिलिपिन्सकडे त्या स्पर्धेच्या नियमात बसणारं स्टेडियमच नव्हतं, म्हणून "आपल्या घरची" मॅचपण जकार्तातच, त्याच मैदानावर, त्याच इंडोनेशियन पब्लिकपुढे. हे म्हणजे आपल्या मुलाची मुंज व्याह्यांच्या घरी करण्यासारखं झालं. दोन्ही मॅच ०-१ ने गेल्या, आणि दोन्ही गोल कोणी मारले तर क्रिस्तियान गोन्झालेसने, जन्म उरुग्वेचा आणि इंडोनेशियाचा नागरिक झाला त्याच वर्षी. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेल्या फिलिपिनो गोलकीपरला उरुग्वेत जन्मलेल्या इंडोनेशियनने हरवलं, आणि स्टेडियममधल्या प्रत्येकाला वाटलं की ही आपल्या रक्ताची, आपल्या मातीची लढाई आहे. मला तर ह्याच्याएवढं सुंदर काही सुचणारही नाही.

इकडे नॅशनल हिरो झालात म्हणून तिकडे क्लबात लगेच खेळवतील असा गैरसमज नको. क्लबात बसायची प्रॅक्टिस करा. एथरिज २००६ ते २०१४ लंडनच्याच फुलम क्लबात होता. आठ वर्षं. आठ वर्षांत लोक घर बांधतात, दोन पोरं होतात, एखादा ईएमआय संपतो. एथरिजला ह्या आठ वर्षांत फुलमच्या मेन टीमकडून किती मॅच मिळाल्या? एक. आणि ती कशी, तर १४ डिसेंबर २०११, युरोपा लीग म्हणजे युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा, डेन्मार्कच्या ओडेन्सेविरुद्ध, फुलम २-० ने पुढे, जिंकलं की पुढच्या फेरीत, आणि मग एक गोल गेला, मग अगदी शेवटच्या मिनिटांत दुसरा, २-२, फुलम स्पर्धेतून बाहेर. स्ट्रायकरने आठ वर्षांतून एकदा खेळून गोल नाही मारला तर कोणाच्या लक्षातही राहत नाही, गोलकीपरची ती एकच संध्याकाळ मात्र स्कोअरशीटवर कायमची छापून राहते.

मध्ये मध्ये उसने म्हणून पाठवतात तेही हसतमुखाने स्वीकारा. लेदरहेड, चार्ल्टन, ब्रिस्टल रोव्हर्स, क्रू. शेजारणीकडे वाटीभर साखर जाते तसे तुम्ही जायचं, आणि साखर निदान परत येत नाही, तुम्ही येता. मग २०१४ मध्ये फुलमने सोडलं, आणि काही महिने कोणताच क्लब नाही, खेळणं सोडावं का इथपर्यंत विचार गेलेला. नॅशनल टीमचा गोलकीपर आणि नोकरी नाही, ही स्थिती फार उच्च दर्जाची आहे, तिला पोचायला चिकाटी लागते. मग ओल्डहॅमने थोड्या दिवसांसाठी घेतलं, मग परत चार्ल्टन, मग वॉल्सॉल, तिसऱ्या पातळीवरची लीग. तिथे दोन सीझन बॉल अडवून २०१७ मध्ये कार्डिफ सिटी, वेल्समध्ये. म्हणजे बापाच्या देशात जागा नाही, आजोळी लीगला पैसा नाही, तर तिसऱ्याच देशात नशीब काढलं.

कार्डिफ पहिल्याच सीझनमध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढलं. ११ ऑगस्ट २०१८ ला बोर्नमथविरुद्ध एथरिज उतरला तो प्रीमियर लीग खेळणारा पहिला फिलिपिनो, नुसता फिलिपिनो नाही तर अख्ख्या दक्षिणपूर्व आशियातला पहिला. त्या मॅचमध्ये कॅलम विल्सनची पेनल्टी अडवली (मॅच ०-२ ने हरले ती गोष्ट वेगळी). पुढच्याच आठवड्यात न्यूकासलच्या केनेडीची पेनल्टी इंज्युरी टाइममध्ये अडवली, ०-० सुटली. डिसेंबरमध्ये लेस्टरच्या मॅडिसनची अडवली आणि त्यानंतर कार्डिफने गोल मारून मॅच १-० ने नेली. अकरा मीटरवरून समोरचा जीव खाऊन मारतो, मागे २४ फूट रुंद गोल उघडा, आणि हा चांगला एका बाजूला उडी घेतो. इथे उपरोध बाजूला ठेवतो एक मिनिट, हे लय अवघड काम आहे राव.

झालं एक मिनिट. सीझनच्या सगळ्या ३८ मॅच खेळला, दहा मॅचमध्ये एकही गोल जाऊ दिला नाही, आणि कार्डिफ १८ व्या नंबरवर येऊन खालच्या लीगमध्ये गेलं. उरलेल्या २८ मॅचमध्ये ६९ गोल गेले ना, मग झालं तर, गोलमध्ये कोण होतं?

त्यातच जानेवारी २०१९ ला एशियन कप. फिलिपिन्सचा इतिहासातला पहिला. इकडे कार्डिफ टिकून राहायला धडपडतंय, तिकडे आजोळी आयुष्यातलं पहिलं मोठं कार्य. इथे माझा सल्ला नीट लिहून घ्या: काहीही करा, चुकणारच आहे. गेलात तर क्लबवाले म्हणणार पगार आम्ही देतो आणि हा मामाकडे जेवायला गेला. नाही गेलात तर आजोळचे म्हणणार प्रीमियर लीग मिळाली आणि पोरगं विसरलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते उगीच नाही. एथरिज गेला नाही. त्याच्या जागी मायकल फाल्केसगार्ड उभा राहिला, ज्याचे वडील डॅनिश आणि आई फिलिपिनो, आणि तिन्ही मॅच हरले. आजोळाकडे स्पेअर नातू नेहमी असतो हे ध्यानात ठेवा आणि फार भाव खाऊ नका.

तुम्हाला वाटेल हे एकट्या एथरिजचं. नाही हो. जपानचा झायोन सुझुकी बघा, जन्म अमेरिकेत, वडील घानाचे, आई जपानी, वाढला जपानच्या सैतामात. जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये जपान इराककडून १-२ ने हरलं तेव्हा लोकांनी त्याच्या रंगावरून जे मेसेज पाठवले त्याबद्दल त्याला स्वतः उघडपणे बोलावं लागलं. नंतर तो इटलीत पार्माकडून खेळायला लागल्यावर तो जपानचा अभिमान झाला. पोरगा तोच, हातमोजे तेच. किंवा इंडोनेशियाचा मार्टेन पास. हॉलंडमध्ये जन्म, आजी जावातली, कागदपत्रांची भानगड थेट क्रीडा लवादापर्यंत गेली, मग सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्याच मॅचमध्ये सौदीची पेनल्टी अडवली आणि आजीचं गाव धन्य झालं. समजा ती अडली नसती तर आजीची कागदपत्रं परत तपासायला काढली असती लोकांनी.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या भारताचं काय? तर आपल्याकडे ही कटकटच नाही. दोन पासपोर्ट चालत नाहीत, आणि भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच पाहिजे. म्हणजे लंडनच्या एखाद्या पोराला आजोळासाठी गोल अडवायचा असेल तर त्याने आधी जन्माचा देश कायमचा सोडून यायचं. असं केलेले आहेत बरं का. पुणे एफसीकडून खेळलेला इझुमी अराता, वडील गुजराती, आई जपानी, त्याने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं. आणि आता ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स, आजोळ मुंबईचं, आजोबा १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले, त्याने २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला. दोघंही गोलकीपर नाहीत हे त्यातल्या त्यात शहाणपण. आपण मात्र रात्री एक वाजता प्रीमियर लीग बघत "आपला एकपण प्लेअर नाही यार तिथे" म्हणायचं, ते फुकट आहे आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

कोल्हापूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. घर शिवाजी पेठेत, आजोळ फुटबॉलमध्ये कट्टर विरोधात असलेल्या मंगळवार पेठेत आणि शाहू स्टेडियमवर गोलमध्ये उभं राहायचं, ज्याने हे केलंय त्याला फिफाचे नियम वाचायची गरज नाही, मामाचा आवाज स्टँडमधून बरोबर ओळखू येतो.

बाकी पुढचं सोपं आहे. २०१९ मध्ये एथरिजला दुखापत झाली, कार्डिफमधली जागा गेली, मग २०२० मध्ये बर्मिंगहॅम, मधे २०२१ ला कोविडने हॉस्पिटलात जिवावर बेतलं त्यातून उठून परत गोलमध्ये, आणि २०२४ मध्ये थायलंडचं बुरिराम युनायटेड. इंग्लंडात जन्म, वेल्समध्ये नाव, थायलंडात पगार आणि शर्टावर आजोळ, असा हिशोब जमला की करिअर पूर्ण झालं म्हणायला हरकत नाही. शिवाय लंडनहून मनिला म्हणजे एक अख्खा दिवस मोडायचा, नॅशनल टीमला पोचेपर्यंत मान आखडायची, आता बँकॉकहून साडेतीन तासांत आजोळ. फक्त हातमोजे केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. बॅगा हरवतात, आणि तिकडे लोक विचारणार, मोजे मुद्दाम त्या देशात ठेवून आलास का.