‘पट्टीवर 15.3 नंतर थेट 16’: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या घोडा मोजायच्या काठीवर 15.3 नंतर एकदम 16 येतं, मधले आकडे छापायचेच राहिलेत. तुमचा घोडा 62 इंच भरला, कॅल्क्युलेटरवर 15.5 हॅंड (घोड्याच्या उंचीचं एकक) आले, आणि ते काठीवर कुठेच सापडत नाहीत.

सापडणारही नाहीत. एक हॅंड म्हणजे 4 इंच, आणि टिंबापुढचा आकडा दशांश नाही, ते वरचे सुटे इंच. क्रिकेटमध्ये 15.5 षटकांनंतर 16 होतात, 15.6 कोणी लिहीत नाही. कारण षटकात चेंडू सहा. इथे इंच चार, म्हणून 15.3 नंतर 16. तुमच्या 62 इंचांत 15 हॅंडचे 60 गेले, वर उरले 2. झाले 15.2. उलटा हिशेब करताना 15.2 ला 4 ने गुणलंत तर 60.8 येतील आणि 1.2 इंच घोडा जागच्या जागी गायब होईल. फक्त 15 ला गुणा, मग 2 मिळवा.

म्हणजे घोडा विकणाऱ्याने कागदावर लिहिलेलं 15.2 बरोबरच आहे. त्याने फसवलं असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उंची सरळ इंचांत बोलतात, तिथे हा घोळच नाही. पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, घेताना मात्र जपा: पोनी आणि मोठा घोडा यांच्यातली 14.2 ही नेहमीची सीमा 58 इंचांची आहे, 56.8 ची नव्हे.

‘दर वेळी वेगळं माप येतं’ याला काठी जबाबदार नाही. जमीन सपाट आणि टणक हवी, पुढचे दोन्ही पाय सरळ, मान ना वर ना खाली. आडवी दांडी डोक्यावर नाही, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर टेकवायची आणि तिच्यातला बुडबुडा मध्ये आला की मगच वाचायचं. पायात नाल असेल तर तिची जाडी मापात येते. आणि घोडा बुजलेला असेल तर त्या दिवशी मोजूच नका.

खोक्याचा कोपरा चेपला होता, ते कुरियरला कळवलंय.

काठी नकोच असेल तर परत पाठवा, पैसे मिळतील. तारे वाढवा असंही म्हणत नाही. फक्त ‘छपाई चुकलेली’ हे वाक्य तेवढं काढा.