'प्रा.' म्हणजे कोण?

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ यंदा तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग सर्व्हरच्या भाड्याची काळजी सोडा. जाहिराती घ्या. फक्त त्या जाहिरातींसारख्या दिसता कामा नयेत.

समजा, रामबागेतल्या एका काकूंनी विचारलं, 'श्रावणी शुक्रवारी पुरणपोळ्या घरपोच देणारं कुणी आहे का?' खाली चार खरी उत्तरं येतील. पाचवं आपलं. 'मी तर बाई यांच्याकडूनच मागवते, तोंडात टाकली की विरघळते!' अक्षर तेच, फोटोचा गोल तसाच, उद्गारचिन्हही घरगुती. कोपऱ्यात 'जाहिरात' लिहायचं? छे, फार उर्मट शब्द. 'प्रायोजित' लिहा, त्याचा अर्थ लागेपर्यंत काकूंचं बोट दाबून मोकळं होतं. त्याहून सोज्ज्वळ म्हणजे नुसतं 'प्रा.' लोक प्राध्यापक समजतील, आणि आपल्यात प्राध्यापकाच्या शब्दाला अजून मान आहे.

या 'प्रा.'चा रंग पांढऱ्यावर फिकट राखाडी. वेब सुलभतेचे निकष सांगतात की साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. तो 'देणगी द्या'च्या बटणाला पाळा. ते झेंडूच्या रंगाचं, चांगलं पुरीएवढं असू द्या.

एखादा वकील सभासद उठून फसवणूक वगैरे म्हणेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे वापरकर्त्याला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या १३ प्रकारांत वापरकर्त्याच्या मजकुराचं किंवा बातमीचं सोंग घेतलेली छुपी जाहिरातही आहे, असं तो वाचून दाखवेल. डगमगू नका. लेबल आहे की! दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासावा. शिवाय विक्रेत्याने मजकूर टाकला, तर ती जाहिरात आहे हे सांगण्याची जबाबदारी त्याच तत्त्वांनी विक्रेत्यावर टाकली आहे. म्हणजे पोळीवाला बघून घेईल. (पाचवं उत्तर तुम्ही स्वतः, रात्री साडेअकराला, चहा पीत लिहिलंत, हे तेवढं सभेत बोलू नका.)

आणि हो, सराफ्यात जाल तर खाऊन या, शिकून येऊ नका. सोन्याची दुकानं बंद झाली की भुट्टे का कीसवाला (किसलेल्या मक्याचा तो पदार्थ) तिथे कढई मांडतो आणि सरळ हाका मारतो. आपण विकतोय हे कळलं तरी गिऱ्हाईक खाईल, असं त्या भाबड्याला वाटतं. त्याचा कीस चांगला असतो, त्याला परवडतं. आपल्या पोळ्या तुम्ही चाखल्यात का?

काकूंचा फोन येईलच. 'अरे, हे प्रा. कोण? शिकवायचे कुठे?'

सांगा, होळकर कॉलेजात. केमिस्ट्री. आता रिटायर झालेत, पोळ्या करतात.