थेंब मोजणं हा रिकामटेकडा उद्योग नाही

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा : ‘पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला की झालं. थेंब सगळे सारखेच, अश्रूच्या आकाराचे. टपोरे थेंब म्हणजे जास्त पाऊस, हे लहान पोरालाही कळतं. उरलेलं रडार बघतंच. मग थेंबांचा व्यास मोजायला महागडी यंत्रं कशाला?’

अश्रू आधी निकालात काढू. तो आकार फक्त चित्रांतला. मिलिमीटरभराचा थेंब जवळपास गोल असतो. मोठा होत गेला की खालून हवा रेटते आणि तो बनपावासारखा होतो, वर फुगीर, खाली सपाट. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे बहुतेक थेंब फुटतातच.

‘मिलिमीटर पुरेत’ हे धरणाच्या हिशेबापुरतं कबूल. शेताचं तसं नाही. १ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटर वेगाने पडतो, ४ मिलिमीटरचा जवळजवळ ९ मीटरने. म्हणजे पाणी तेवढंच असलं तरी जमिनीवर बसणारा मार ऊर्जेच्या हिशेबाने पाचपट. पर्जन्यमापकात दोन्ही वेळा २० मिलिमीटरच भरतील. नांगरलेल्या उतारावरची माती मात्र टपोऱ्या थेंबांच्या वेळीच वाहून जाईल.

टपोऱ्या थेंबांचं म्हणणं खोडायला महाबळेश्वर पुरेसं आहे. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) तिथे ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे आणि तिथले थेंबमापक सांगतात की घाटावरच्या मोसमी पावसात बारीक थेंबांचंच राज्य असतं. तिथले बरेच ढग फार उंच चढत नाहीत. बर्फ न होताच थेंबाला थेंब भिडतो आणि पाऊस होतो. थेंब बारीक, पण संख्या अफाट आणि झड दिवसचे दिवस. वळवाचा ढग याच्या अगदी उलट. तो दहा-दहा किलोमीटर उंच जातो, त्यात गारा तयार होतात, त्या वितळत खाली येतात. वाटेत कोरडी हवा असते, तिच्यात बारीक थेंब विरून जातात, मोठे तेवढे तगतात. शिवाय मोठे आधी पोचतात : दोन किलोमीटरवरून, वारा बाजूला ठेवला तर, ४ मिलिमीटरचा थेंब पावणेचार मिनिटांत खाली येतो, १ मिलिमीटरच्याला आठ मिनिटं लागतात. धुळीत पडणारे ते पहिले चार टपोरे थेंब आठवा. ‘भुरभुर’, ‘झड’, ‘वळीव’ असे शब्द आपण उगाच वेगळे ठेवलेले नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ रडारचा. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी मोजतं, आणि तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १ मिलिमीटरचे ६४ थेंब आणि ४ मिलिमीटरचा एक थेंब यांत पाणी सारखंच. पण त्या एकट्याचा प्रतिध्वनी चौसष्टांच्या एकत्रित प्रतिध्वनीच्या ६४ पट! कुठल्या पावसात कोणते थेंब किती, हे ठाऊक नसेल तर रडारच्या आकड्यावरून पाऊस काढताना वळवाला फुगवलं जातं आणि घाटातल्या झडीला कमी लेखलं जातं. मार्शल आणि पामर या संशोधकांनी १९४८ साली कॅनडात थेंबांच्या मोजणीवरून मांडलेलं, प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं सूत्र आजही वापरात आहे. पण ते तिथल्या पावसाचं. सह्याद्रीसाठीचे आकडे सह्याद्रीतच मोजावे लागतात.

राहिला खर्च. अमेरिकेत व्हर्मांटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने (हिमकणांचे फोटो काढणारा तोच) १८९८ ते १९०४ या काळात पावसाच्या थेंबांचे ३४४ नमुने घेतले, तेही पिठाच्या ताटलीत. तुम्हीही करून बघा. मैदा चाळून ताटलीत बोटभर जाडीचा थर पसरा, पावसात तीन-चार सेकंद धरा, आत आणून सुकू द्या, मग हलक्या हाताने चाळा. प्रत्येक थेंबाची एकेक गोळी चाळणीत उरते. एक ताटली वळवाची, एक श्रावणसरीची. पट्टी घ्या आणि गोळ्या मोजा.