‘सगळं उपटा आणि पट्टी चिकटवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या मोटरहोममधल्या (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या) शोभेच्या दिव्यांच्या दुरुस्तीवरचा माझा लेख तुम्हाला पाल्हाळ वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वीस वर्षं जुन्या गाडीत कपाटांखालच्या मिणमिणत्या दिव्यांचे होल्डर घासत बसणं ही रिकामटेकड्यांची हौस आहे, सगळं उपटावं, दोन मीटर एलईडी पट्टी चिकटवावी, जुन्याच वायरींना पीळ देऊन टेप गुंडाळावी, की तासाभरात काम खलास. १२ व्होल्टला शॉकही लागत नाही, मग भीती कसली? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीत दिव्यांचा ५ अँपियरचा फ्यूज पट्टी लावल्यावरही सारखा उडायचा, १५ चा टाकल्यापासून शांतता आहे.

बाकीचं सावकाश बोलू. तो १५ चा फ्यूज मात्र आधी काढा. अगदी आज.

तुमची पट्टी दोन मीटरची. ती दाट एलईडींची, मीटरला १४.४ वॉट घेणारी धरली तरी दोन मीटरला साधारण २.४ अँपियर होतात. एवढ्या भाराला ५ चा फ्यूज उडायला नको. तो उडत होता म्हणजे उरलेला करंट दुसरीकडे कुठेतरी जात होता. आता पूर्ण शॉर्ट असता तर १५ चाही फटकन उडाला असता. तो टिकतोय, याचा अर्थ दोष अर्धवट आहे : एखादी वायर स्टेपलपिनेखाली चेपली गेलीय, किंवा कपाटाचा स्क्रू इन्सुलेशनमधून आत जाऊन जेमतेम टेकलाय. अशा जागेतून आठ अँपियर वाहिले आणि सगळा व्होल्टेज तिथेच पडला, तर त्या एका टोकावर शंभर वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. वायरी जोडायला कथील वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॉटचं असतं. तुमच्याकडे हे आयर्न पातळ प्लायवूड आणि फोमच्या मध्ये बसलेलं आहे, आणि ते बंद करू शकणारा एकमेव पहारेकरी तुम्ही बदलून टाकलात. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. दिव्यापर्यंत जाणारी शेवटची वायर अनेक जुन्या गाड्यांत ०.७५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बारीकच असते. १५ अँपियरवर फ्यूजच्या आधी ती तापणार.

आणि १२ व्होल्टबद्दल. शॉक लागत नाही हे खरं. पण शॉक ठरतो व्होल्टवर आणि आग लागते अँपियरवर. १०० अँपियर-तासांची धडधाकट बॅटरी शॉर्ट केली तर काही क्षण शेकडो अँपियर देते. पान्याने चुकून दोन्ही टर्मिनल जोडणाऱ्याने पाना वितळताना पाहिलेला असतो, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोष शोधायची जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे आणि ती मल्टिमीटरपेक्षाही सोपी आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वायरीने जोडा. पट्टी आणि सगळे दिवे सुटे करा, स्विच चालू ठेवा. बल्ब पेटला म्हणजे करंट कुठेतरी चोरवाटेने जातोय. बल्ब स्वतःच करंट पावणेदोन अँपियरवर रोखून धरतो, त्यामुळे शोधताना काही जळण्याची धास्ती कमी. मग कपाटांच्या कडेने वायरींचा झुबका हलवत, दाबत जा. बल्ब जिथे विझतो किंवा लुकलुकतो, तिथलं पॅनेल उघडायचं. दहात नऊ वेळा एखादी पिन किंवा स्क्रूच सापडतो. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणी मोजलेला नाही.)

आता ‘सगळं उपटा’बद्दल. होल्डर घासण्यावर मी इतकं लिहिलं, कारण जुन्या गाडीत दिवा क्वचित आजारी असतो. आजारी असतो त्याच्याकडे जाणारा रस्ता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं होतं पट्टी बदलून. लेखातली चाचणी तुम्ही ओलांडून पुढे गेला असाल म्हणून पुन्हा सांगतो. दिवा काढून होल्डरवर मीटर लावला की १२.६ दिसतात आणि माणूस म्हणतो, वायरिंग ठणठणीत. तोच दिवा लावून, पेटलेला असताना मोजा. ९ वर आला तर साडेतीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. तांब्याची वायर इतकं खात नाही : १.५ चौरस मिलिमीटरची जाऊन-येऊन दहा मीटर वायर ४ अँपियरला जेमतेम अर्धा व्होल्ट पाडते. बाकीचे खाणारे म्हणजे हिरवा कळंक चढलेला जोड, पाती असलेली ती चिमटा-जोडणी जी इन्सुलेशन कापून वायरीवर बसते आणि काही वर्षांत ढिली होते, नाहीतर हॅलोजनच्या उष्णतेने मऊ पडलेली होल्डरची स्प्रिंग.

एलईडी लावल्यावर हा दोष नाहीसा होत नाही, लपतो. करंटच कमी झाला की वाटेत खाल्ला जाणारा व्होल्टेजही कमी होतो, म्हणून पट्टी सुरुवातीला झकास पेटते. त्यात आणखी एक गंमत. जुने स्विच काही अँपियरसाठी बनवलेले असतात. तो जोरकस करंट संपर्कावरचा पातळ ऑक्साइडचा थर फोडत राहतो. मिलिअँपियरमधल्या करंटला ते जमत नाही. त्यामुळे हॅलोजनवर नीट चालणारा स्विच एलईडीवर लहरी वागायला लागतो, आणि लोक नव्या दिव्याला शिव्या देतात.

पीळ आणि टेपबद्दल फार लिहीत नाही. चालत्या गाडीत सगळं थरथरतं, पीळ सुटतो, टेपचा डिंक उन्हाने पातळ होऊन सरकतो. क्रिंप करा (म्हणजे जोडावर धातूची नळी पकडीने दाबून बसवा) किंवा लिव्हरवाला कनेक्टर वापरा.

मग पट्टी सहा महिन्यांत ठिपक्याठिपक्याने का मरते, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेत ते येईल असं वाटतं. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीवर तीन-तीन एलईडी एका माळेत असतात आणि माळेला करंट आवरणारा एक रेझिस्टर. पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो, तिघांचे ९.६. बारा व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला २.४ येतात. पण मोटरहोममध्ये १२ व्होल्ट हा फक्त बॅटरीवर छापलेला आकडा आहे. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.६-१२.७ दाखवते, चार्जर किंवा आल्टरनेटर (इंजिनावर चालणारं जनित्र) चालू झाला की १४.४. तेव्हा रेझिस्टरवर येतात ४.८. म्हणजे व्होल्टेज वाढला वीस टक्के आणि एलईडीमधून जाणारा करंट जवळजवळ दुप्पट; रेझिस्टर तर तिपटीहून जास्त तापतो. हे सगळं कपाटाखाली, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात, मागे लाकूड. पट्टीचा डिंक आधी सुटतो, मग एलईडी पिवळे पडतात. घरातल्या पॉवर सप्लायवर तीच पट्टी वर्षानुवर्षं चालते, कारण तिथे १२ म्हणजे १२.

हॅलोजनलाही हे सोसत नाहीच. पाच टक्के व्होल्टेज जास्त मिळाला तरी त्याचं आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं. म्हणून चार्जरला जोडून उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये बल्ब सतत उडतात आणि दोष बल्बच्या कंपनीवर जातो.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं : ८ वॉटच्या छोट्या ट्यूबा. त्यांच्या आतला इन्व्हर्टर गुणगुणायला लागला, ट्यूबची टोकं काळी पडली, की त्यात जीव घालू नये. खोका आणि झाकण ठेवावं, आतलं काढून एलईडी बसवावा. युरोपीय संघात २०२३ पासून या ट्यूबा आणि जी-४ (दोन पिनांचे छोटे) हॅलोजन नव्याने बाजारात आणायला बंदी आहे, त्यामुळे सुट्या मालाचा प्रश्नही पुढे बिकटच होणार. आणि विजेचा हिशोब तर उघड आहे. १० वॉटचे दहा हॅलोजन म्हणजे आठ अँपियरच्या वर. तेवढाच उजेड देणारे एलईडी सव्वा अँपियरच्या आसपास. एलईडी नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. होल्डर, झाकण आणि वायर नीट करून मग त्यात एलईडी घाला, एवढंच म्हणतोय.

हौस म्हणालात. शोभेच्या दिव्यांचं दुसरं कामच काय? कोरीव काचेची झाकणं, पितळी कडा, भिंतीवरची छोटी शेडं पुन्हा मिळत नाहीत, आणि ती काढल्यावर त्यांच्या मागच्या लाकडी फळीवर न विटलेल्या रंगाचा डाग उरतो तो झाकायला दुसरं काही नसतं. झाकण ॲक्रिलिकचं असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानेच धुवा. स्पिरिट लावलंत तर बारीक तडांचं जाळं उमटतं आणि ते जात नाही. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विन घ्या. ६५०० च्या पांढऱ्याफटक उजेडात जुनं तपकिरी लाकूड आजारी दिसतं. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असला तर उत्तम.

तरीही पट्टीच लावायची असेल तर ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये लावा, म्हणजे उष्णतेला वाट मिळते. आधी १२ व्होल्ट पक्के देणारा रेग्युलेटर बसवा. बॅटरी खाली आली असतानाही चालणारा घ्या. किंवा १० ते ३० व्होल्ट चालणारे, आत करंट नियंत्रण असलेले सुटे एलईडी बल्ब घ्या, ते जुन्या होल्डरमध्येच बसतात. अधिक-उणे तपासल्याशिवाय जोडू नका. हॅलोजनला दिशा नसते, त्यामुळे मूळ कारागिराने वायरींच्या रंगाकडे लक्ष दिलं असेलच असं नाही. या फांदीला वेगळा ३ अँपियरचा फ्यूज द्या, आणि तो फांदी जिथे फुटते तिथे, पट्टीजवळ नाही. हे सगळं झाल्यावर दिवे लावताच रेडिओ खरखरला, तर तो रेग्युलेटरचा गोंगाट असतो. वायरीवर फेराइटचा मणी चढवून बघा, नाही थांबला तर रेग्युलेटर बदला.