कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न (सर्व मार्गांनी)

आमच्या घरात पगाराचा आकडा ऐकणाऱ्यावर ठरतो. लग्न जुळवताना तो भरघोस होता. मेहुण्याला उसने हवे असले की हातात काही राहतच नाही. पण लेक नीट पास झाली, मेडिकलच्या प्रवेशासाठी ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात असल्याचा, दाखला काढायचं ठरलं आणि सगळ्यांना एकच आकडा सांगायची पाळी आली. तोही कापाकापीच्या आधीचा.

मागच्या आर्थिक वर्षात कुटुंबाचं सर्व मार्गांनी मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ‘सर्व मार्गांनी’ वाचून मी सहज हिच्याकडे पाहिलं. गणपतीतल्या मोदकांच्या ऑर्डरी, चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या.

“अहो, ते पैसे माझे आहेत, कुटुंबाचे नाहीत.”

“आणि माझा पगार?”

“तो कुटुंबाचा.”

पुढे मालमत्ता. घर १००० चौरस फुटांचं किंवा त्याहून मोठं असेल तर दाखला नाही. लालबागच्या आमच्या खोलीला गॅलरी जोडली, वर शेजाऱ्यांच्या दोन खोल्या जोडल्या, तरी हजार भरत नाहीत. रकान्यात मी ठसठशीत १८० लिहिलं. जागा नसल्याचा असा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता.

शेतजमीन ५ एकरांच्या आत हवी. कोकणातल्या सातबाऱ्यावर आमच्या वाट्याला दगड जास्त आणि गुंठे कमी, नावं मात्र अख्ख्या भावकीची. गट नंबर विचारायला चुलतभावाला फोन केला. “का रे, विकतोयस की काय?” रात्रीपर्यंत, आजोबांच्या बाराव्यापासून अबोला धरलेल्या काकांचाही फोन आला. प्रकृतीची चौकशी झाली, मग हळूच फणसाची. लेक डॉक्टर होणार हे सांगून पाहिलं. “त्यासाठीच विकतोयस ना?” म्हणाले.

सगळ्यात नाजूक रकाना ‘कुटुंब’ हाच. त्यात उमेदवार, तिचे आईवडील आणि १८ वर्षांखालची भावंडं. आजी नाही. थोरला नुकताच नोकरीला लागलेला, वय २३, तोही नाही. दोघांची कमाई धरायची नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं आणि ते मी मोठ्याने बोललो.

आईने जपमाळ थांबवली. “म्हणजे मी कुटुंबात नाही?”

“सरकारच्या हिशेबाने नाहीस, आई.”

“बरं. मग या महिन्यापासून दूध आणि विजेचं बिल तुमचं कुटुंब भरेल. माझं पेन्शन माझं.”

थोरल्याने मोबाइलमधून मान वर काढली. “बाबा, हे मलाही लागू आहे ना?”